हार्ड डिस्क बिघडली: दुरुस्त करायची की बदलायची? कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात बिघडलेली हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली की समोरून पहिला प्रश्न येतो, "डेटा चाहिए क्या?" बरेच जण यावर "बघा ना, होतेय का दुरुस्त" असं मोघम उत्तर देतात आणि तिथेच घात होतो. दुकानातला मुलगा डिस्क लावतो, चेकडिस्क (डिस्क तपासणारं विंडोजचं साधन) चालवतो, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारतो. डिस्क चालू होते, पण आतले सगळे फोटो, हिशेब, कागदपत्रं गेलेली असतात. त्यात त्याची चूक नसते, कारण त्याला सांगितलं होतं ते डिस्क चालू करायला.

डिस्कचं काय करायचं आणि डेटाचं काय करायचं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. आतून बिघडलेली डिस्क रोजच्या वापरासाठी कोणी दुरुस्त करत नाही. रिकव्हरी लॅबमध्ये हेड (डेटा वाचणारा आतला भाग) बदलतात तेही डेटा एकदाचा बाहेर निघेपर्यंत टिकावं एवढ्यासाठीच. त्यानंतर ती डिस्क भंगारात जाते. दुरुस्ती करण्यासारख्या गोष्टी असतात त्या डिस्कच्या बाहेरच्या: केबल, केसिंग, अॅडॉप्टर, बिघडलेली फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची डिस्कवरची मांडणी). खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एकही टप्पा उलटा केला तर मागे येता येत नाही.

टप्पा १: आधी बंद करा

विचित्र आवाज, फोल्डर उघडायला लागणारी पाच-पाच मिनिटं, "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क" असा संदेश, किंवा संगणक सुरू होताना डिस्कच न सापडणं, यातलं काहीही दिसलं की संगणक बंद करा. एक्सटर्नल डिस्क असेल तर काढून ठेवा. फॉरमॅटच्या प्रश्नाला 'कॅन्सल'.

घाईचं कारण असं. चालू डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारते आणि तिच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक सेकंदाला तबकडीवर ओरखडा पडत असू शकतो. ओरखडा पडला तिथला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. "अजून एकदा लावून बघू" यात जेवढ्या डिस्क कायमच्या गेल्या, तेवढ्या मूळ बिघाडाने गेल्या नसतील.

एसएसडीचा, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचा, प्रकार वेगळा आहे. तिथे फिरणारं काही नाही, पण चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल तर चालू ठेवणं त्याहून घातक ठरतं. ऑपरेटिंग सिस्टिम ट्रिम नावाची आज्ञा देते आणि एसएसडी मोकळ्या झालेल्या जागा आतल्या आत पुसायला लागते. तुम्ही नुसतं बघत बसलात तरी डेटा जातो.

*इशारा:* डिस्क फ्रीझरमध्ये ठेवणं, टेबलावर हलकेच आपटणं, भिजली म्हणून तांदळात पुरणं, हे तिन्ही उपाय विसरा. मुंबईच्या दमट हवेत फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कच्या सर्किटवर क्षणात दव जमतं. भिजलेली डिस्क तर वाळवूही नका. साध्या डिस्कला हवेच्या दाबासाठी एक बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत गेलेलं असू शकतं, आणि पाणी सुकलं की त्यातला क्षार तबकडीवर चिकटून बसतो. तळमजल्यावरच्या घरात किंवा दुकानात पाणी शिरून डिस्क बुडाली असेल, तर ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून थेट लॅबकडे न्या. वीज अजिबात लावू नका.

टप्पा २: काय गेलं तर परत मिळणार नाही, ते कागदावर लिहा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि निम्मा निर्णय इथेच होतो. डिस्क बाजूला ठेवा आणि दोन रकाने आखा: 'दुसरीकडून मिळेल' आणि 'फक्त इथेच होतं'.

पहिल्या रकान्यात जितकं वाटतं त्यापेक्षा बरंच काही जातं. अनेक बोर्डांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात. भरलेली प्राप्तिकर विवरणपत्रं आयकर खात्याच्या पोर्टलवर असतात, जीएसटीची जीएसटीच्या. गावच्या जमिनीचा डिजिटल सातबारा महाभूमीवरून पुन्हा उतरवता येतो. लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडे, निदान मावशीच्या व्हॉट्सअॅपवर असू शकतात, पण व्हॉट्सअॅपवरचा फोटो लहान झालेला असतो हे लक्षात ठेवा. गूगल फोटोज आणि वनड्राइव्ह उघडून बघा. पुष्कळदा सिंक चालू असतं आणि घरात कोणाला माहीतच नसतं.

एक उदाहरण घेऊ. मुलुंडच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा ऑफिसमधला संगणक बसला. त्यात टॅलीचा डेटा, सभासदांच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं. सेक्रेटरी घाबरून लगेच रिकव्हरीचा भाव काढतात. पण रकाने भरायला बसलं की दिसतं: मागच्या मार्चपर्यंतचा टॅली बॅकअप ऑडिटरकडे आहे, आय आणि जे नमुन्यातली सभासद नोंदवही छापील आहे, इतिवृत्तं सही करून वहीत चिकटवलेली आहेत, बँकेचं स्टेटमेंट बँक देते. खरं गेलं ते फक्त एप्रिलपासूनच्या व्हाउचरची नोंद, आणि कागदी व्हाउचर फाइलला आहेत. म्हणजे सवाल उरतो तो हिशेबनिसाच्या काही दिवसांच्या मजुरीचा. ती रिकव्हरीपेक्षा स्वस्त पडत असेल तर लॅबची पायरी चढायचं कारणच नाही.

याउलट गिरगावातल्या एखाद्या घरात आजोबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगची एकच प्रत त्या पडलेल्या एक्सटर्नल डिस्कमध्ये असेल, तर दुसऱ्या रकान्यात ती एक ओळ पुरेशी आहे. तिथून पुढे स्वतः प्रयोग करायचे नाहीत.

*तपासा:* संगणकावर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू होतं का? विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर ते बहुतेक वेळा आपोआप चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती आत्ताच शोधून लिहून ठेवा. की नसेल तर लॅबने डिस्क शंभर टक्के वाचली तरी हातात कचराच येतो.

टप्पा ३: कान लावा

पडलेल्या, भिजलेल्या किंवा जळका वास येणाऱ्या डिस्कसाठी हा टप्पा नाही. त्यांनी थेट टप्पा ६ गाठावा. एसएसडीला आवाज नसतो, तिच्यासाठी थेट टप्पा ४.

बाकीच्यांनी पंखा बंद करून, शांत खोलीत, डिस्क एकदाच चालू करायची आणि पंधरा-वीस सेकंद ऐकायचं.

नियमित टक्-टक्-टक् आणि मग थांबणं: हेड गेलं किंवा हेडला जागा सापडत नाही. लगेच बंद.

बारीक बीप किंवा गुणगुण, पण फिरण्याचा आवाज नाही: हेड तबकडीला चिकटलं आहे किंवा मोटर अडकली आहे. लॅपटॉपच्या लहान डिस्क पडल्या की हे पुष्कळदा होतं. बंद. मात्र एक्सटर्नल डिस्कला यूएसबीतून वीज कमी पडली तरी असाच बीप येतो, म्हणून डिस्क पडलेली नसेल तर टप्पा ४ मधली केबल बदलून फक्त एकदा बघायला हरकत नाही.

खरवडल्यासारखा आवाज: तबकडी घासली जातेय. याहून वाईट लक्षण नाही.

पूर्ण शांतता: वीज पोहोचत नाही किंवा सर्किट गेलं. यात आशा बरीच असते.

नेहमीसारखा फिरण्याचा आवाज, पण डिस्क दिसत नाही किंवा फार मंद: केबल, फाइल सिस्टिम, बॅड सेक्टर (वाचता न येणारे डिस्कचे बारीक भाग) किंवा डिस्कच्या आतल्या फर्मवेअरचा (डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) घोटाळा. पुढे जा.

टप्पा ४: बाहेरचे बिघाड आधी काढून टाका

इथे पन्नास-शंभर रुपयांत प्रश्न मिटू शकतो, म्हणून नवी डिस्क मागवण्याआधी हे कराच.

डेस्कटॉपमध्ये सॅटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरा, विजेची पिनही दुसरी लावा. समुद्राजवळच्या घरांत पिनांवर काळसर थर चढतो. केबल दोनदा काढून घातली तरी कधीकधी डिस्क दिसायला लागते. मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसचं (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) व्होल्टेज बघा: १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये हवी. याबाहेर असेल तर एसएमपीएस आधी बदला, नाहीतर नवी डिस्कही त्याच वाटेने जाईल.

एक्सटर्नल डिस्क असेल तर आधी केबल. मग सीपीयूच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा पोर्ट, कारण पुढच्या पोर्टपर्यंत लांब वायर असते आणि वीज कमी पडते. मग दुसरा संगणक.

केसिंग उघडून आतली डिस्क थेट जोडणं ही पुढची पायरी. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तेव्हा नुसती यूएसबी-सॅटा केबल पुरत नाही, अॅडॉप्टरवाली घ्या. आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अनेक लहान एक्सटर्नल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्या सर्किटवरच बसवलेला असतो. आत सॅटा पोर्टच नसतो, मग उघडून उपयोग नाही. दुसरं, काही एक्सटर्नल डिस्कच्या जोडणी-सर्किटमध्येच एन्क्रिप्शनची चिप असते. अशी डिस्क थेट संगणकाला लावली की रिकामी किंवा अनोळखी दिसते. तिला फॉरमॅट करू नका, डेटा जागेवर आहे.

*नेहमीची चूक:* सर्किट गेलं म्हणून ओएलएक्सवरून त्याच मॉडेलची डिस्क आणायची आणि पीसीबी (सर्किटची पट्टी) बदलायचा. पूर्वी हे चालायचं. आताच्या डिस्कमध्ये त्या एका डिस्कपुरती जुळणीची माहिती पीसीबीवरच्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या पीसीबीवर नेल्याशिवाय डिस्क टक्-टक् करते, आणि चांगल्या डिस्कचं वाटोळं होतं. सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसालाच हे काम द्या.

टप्पा ५: स्मार्ट नोंदी वाचा, पण नीट वाचा

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर जीस्मार्टकंट्रोल. दोन्ही फुकट. वरचा निळा 'गुड' बघून खूश होऊ नका, खालची यादी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'रॉ व्हॅल्यूज' हेक्साडेसिमलमध्ये दिसतात. फंक्शन मेनूतून अॅडव्हान्स्ड फीचर, तिथून रॉ व्हॅल्यूज, तिथे दहा-आधारी आकडे निवडले की वाचता येतात.

फिरत्या डिस्कसाठी चार ओळी पुरतात. ०५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर. सी६ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. आणि सी७ म्हणजे केबलमधून जाता-येता झालेल्या चुका.

सी७ वाढलाय आणि बाकी तिन्ही शून्य आहेत? केबल बदला, डिस्क चांगली आहे. सी७चा आकडा नंतर कमी होत नाही, त्यामुळे तो लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढला का एवढंच बघा.

०५, सी५, सी६ पैकी कशातही आकडा आला की त्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवायची नाही. गूगलने आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखभराहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तपासणीदरम्यान पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. "दोनच बॅड सेक्टर आहेत, चालेल" म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही आहे: बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या नोंदींपैकी एकीतही आधी काही दिसलं नव्हतं. स्मार्ट वाईट म्हणजे डिस्क वाईट, पण स्मार्ट चांगलं म्हणजे डिस्क चांगली असं नाही.

एसएसडीमध्ये उरलेल्या आयुष्याची टक्केवारी आणि मीडिया एरर बघा. एसएसडी फार वेळा काही न सांगता एकदम दिसेनाशी होते, किंवा फक्त वाचू देते, लिहू देत नाही. लिहू देत नसेल तर नशीब समजा आणि त्याच बैठकीत सगळं कॉपी करून घ्या.

*इशारा:* सी५ मध्ये आकडा असताना चेकडिस्क चालवू नका. चेकडिस्क फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी आहे, तुमच्या फाइल वाचवण्यासाठी नाही. वाचता न आलेल्या नोंदी ते काढून टाकतं, आणि तासन् तास डिस्क दामटवतं ते वेगळंच.

टप्पा ६: निर्णय

आता तुमच्यासमोर तीन गोष्टी आहेत: रकान्यांचा कागद, आवाज आणि स्मार्ट.

आवाज ठीक, स्मार्ट स्वच्छ, फक्त पार्टिशन दिसत नाही किंवा फॉरमॅट मागतेय: डिस्क वाचवता येईल. डेटा काढा (टप्पा ७), मग पूर्ण फॉरमॅट करा, स्मार्ट पुन्हा बघा. आकडे शून्यच राहिले तर दुय्यम कामाला वापरा. विंडोज विस्टापासून पुढे 'क्विक' ची खूण काढून केलेला फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, त्यामुळे तीच चाचणीही होते.

आवाज ठीक पण स्मार्ट खराब: बदलायची. आधी इमेज (संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, टप्पा ७), मग बाकी.

टक्-टक्, बीप, खरवड, जळका वास, पडलेली, भिजलेली: बदलायचीच. प्रश्न फक्त दुसऱ्या रकान्याचा. तो रिकामा असेल तर लॅबला एक रुपया देऊ नका. भरलेला असेल तर घरी एकही प्रयोग न करता टप्पा ८.

पूर्ण शांत: दुसरा रकाना रिकामा असेल तर बदला. भरलेला असेल तर लॅब, आणि खर्च हेड गेलेल्या डिस्कपेक्षा सहसा कमी येतो.

पाच वर्षांहून जुनी, सहा महिन्यांपूर्वी एकदा त्रास दिलेली डिस्क असेल तर केबल बदलून चालू झाली तरी मी तिला मुख्य डिस्क म्हणून ठेवणार नाही. सिनेमे, गाणी, दुसरीकडे प्रत असलेल्या फाइल, एवढ्यापुरती ठीक.

टप्पा ७: डेटा स्वतः काढताना

फक्त आवाज ठीक असलेल्या डिस्कसाठी.

१. बिघडलेल्या डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क आणा. तेवढ्याच आकाराची घेतली तर काही सेक्टर कमी पडू शकतात आणि प्रत अडते.

२. दुसऱ्या रकान्यातल्या फाइल मोजक्या असतील आणि डिस्क उघडत असेल, तर आधी त्याच कॉपी करा. सगळी डिस्क नंतर. रिकव्हरीत वेळ कधी संपेल सांगता येत नाही, म्हणून महत्त्वाचं आधी.

३. मग पूर्ण इमेज. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. त्याचं वैशिष्ट्य असं की ते अडलेला भाग सोडून आधी सोपं सगळं वाचून घेतं आणि अडलेल्या जागी नंतर परत येतं. साधी कॉपी पहिल्याच बॅड सेक्टरवर डोकं आपटत बसते. मॅप फाइल द्यायला विसरू नका. ती असेल तर वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथूनच सुरू होतं. ही फाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा.

४. एंटर दाबण्याआधी कुठून कुठे हे सीरियल नंबर जुळवून बघा. स्रोत आणि लक्ष्य उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते. हे दोघांनी मिळून तपासा, एकट्याने नको.

५. वेळ धरून चाला. सेकंदाला १०० एमबी या वेगाने निरोगी १ टीबी डिस्कला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतील. समोर टेबल फॅन लावा. मध्येच टक्-टक् सुरू झालं तर तत्क्षणी बंद.

६. टेस्टडिस्क, फोटोरेक किंवा विकतचं सॉफ्टवेअर चालवायचं ते इमेजवर. मूळ डिस्कवर कधीच नाही. आणि वाचलेल्या फाइल त्याच डिस्कवर परत लिहायच्या नाहीत.

*तपासा:* फाइलची नावं दिसली म्हणजे फाइल आली असं नाही. दहा-बारा फोटो पूर्ण उघडून बघा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पळवा, टॅलीची कंपनी उघडून ताळेबंद बघा.

टप्पा ८: लॅबमध्ये देताना

डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती बबल रॅप, मग कडक डब्यात. लोकलने जाणार असाल तर गर्दी सोडून दुपारची वेळ निवडा. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, चालत जवळच आहे. रविवारी जाऊ नका, बाजार बहुतेक बंद असतो.

पण या बाजारातली सगळी दुकानं रिकव्हरी लॅब नव्हेत. बरीच दुकानं डिस्क घेतात आणि पुढे दुसऱ्याकडे पाठवतात. म्हणून हे प्रश्न तोंडावर विचारा, उत्तरं जॉब शीटवर लिहून घ्या:

"काम इथेच करता की बाहेर पाठवता?" "डिस्क उघडावी लागली तर कुठे उघडता, क्लीन बेंच (धूळमुक्त टेबल) आहे का?" "तपासणीचे किती?" "डेटा नाही निघाला तर काय द्यावं लागेल, डोनर डिस्कचे पैसे तरीही लागतात का?" "पैसे देण्याआधी फाइलची यादी आणि काही फाइल उघडून दाखवाल का?" "माझी डिस्क सगळ्या मूळ भागांसह परत मिळेल ना?"

डोनर डिस्क म्हणजे हेड काढून घेण्यासाठी आणलेली त्याच जातीची डिस्क, आणि ती जुळणारी मिळवणं हाच खर्चाचा मोठा भाग. फाइल सिस्टिमचा बिघाड काही हजारांत निघतो. हेड बदलायचं असेल तर रक्कम सहज पाच आकड्यांत जाते. कोणी डिस्क उघडावी लागेल म्हणतो आणि दोन हजारांत सांगतो, तर तिथून डिस्क उचला.

देण्याआधी डिस्कच्या लेबलचा, सीरियल नंबरचा आणि स्क्रूंचा फोटो काढा. "डेटा हवा आहे, डिस्क नको. न विचारता लिहिणारं, फॉरमॅट करणारं काहीही करू नये" हे वाक्य जॉब शीटवर स्वतःच्या हाताने लिहा. दुसऱ्या रकान्याचा कागदही द्या. कोणतं फोल्डर हवं हे कळलं की लॅब तेच आधी वाचते, आणि मरणाऱ्या डिस्कमध्ये हाच फरक निर्णायक ठरतो.

पहिल्या लॅबने 'होणार नाही' सांगितलं तर दुसरी विचारा. मात्र एकदा उघडलेली डिस्क पुढचा माणूस अनिच्छेनेच घेतो, म्हणून पहिली निवड विचार करून करा.

टप्पा ९: वॉरंटी

डिस्कचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कळते. लॅपटॉपसोबत आलेल्या डिस्कला बहुधा 'वॉरंटी नाही' असं दिसेल. तिची जबाबदारी लॅपटॉप कंपनीची असते, तिकडे जा.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, बऱ्याचदा रिफर्बिश केलेली. जुनी परत मिळत नाही आणि तिच्यातला डेटा कोणी काढून देत नाही. म्हणून दुसरा रकाना भरलेला असताना वॉरंटीसाठी डिस्क देऊ नका. काही मॉडेलसोबत कंपनीची डेटा रिकव्हरी सेवा मुदतीपुरती मिळते. खोक्यावर किंवा संकेतस्थळावर एकदा बघा, फुकट मिळणारी गोष्ट लोक विसरतात. लॅबने उघडलेली डिस्क वॉरंटीत बसेल का, हे कंपनीला आधी लेखी विचारा.

टप्पा १०: नवी घेताना

विंडोज चालवायला एसएसडीच घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये नुसता हा बदल केला तरी जाणवतो. पण खाच बघा: एम.२ (लहान पट्टीसारखी एसएसडी) दिसायला सारखी असली तरी सॅटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार आहेत, आणि सगळे लॅपटॉप दोन्ही घेत नाहीत. लांबीही २२४२ की २२८० ते बघा. जुनी काढून सोबत न्या, दुकानदार जुळवून देतो. आताच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच असतं, तिथे हा पर्याय नाही. साठवणीसाठी, कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी फिरती डिस्क चालते. सीसीटीव्हीसाठी सर्व्हेलन्सवाली घ्या.

काउंटरवर "बिल के साथ या बिना?" विचारतील. बिलासहित. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी मोबाइलवर त्याची वॉरंटी तपासा. घरी आल्यावर स्मार्टमधले 'पॉवर ऑन अवर्स' बघा: नव्या डिस्कला शून्य किंवा एखाद-दोन तास. हजारो दिसले तर दुसऱ्याच दिवशी परत. फूटपाथवर मिळणारी खिशातली '१६ टीबी एसएसडी' घेऊ नका. आत लहानसं मेमरी कार्ड असतं, भरलं की मागचं पुसत जातं.

टप्पा ११: जुन्या डिस्कची विल्हेवाट

डेटा नव्या डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी, अशा दोन प्रती होईपर्यंत जुनी टाकू नका. महिनाभर ठेवा. राहिलेलं फोल्डर साधारण तेवढ्या काळात आठवतं.

चालू असेल तर पूर्ण फॉरमॅट. चालत नसेल तर तशीच भंगारवाल्याला देऊ नका. आधार, पॅन, बँकेची पासबुकं त्यात असतात, आणि हेड बदलून ती वाचता येते. साडेतीन इंची डिस्कला ड्रिलने तबकडीतून आरपार दोन-तीन भोकं पाडा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते आणि भोक पाडताना फुटून उडते, म्हणून डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे, आणि डिस्क जाड कापडात गुंडाळून मगच ड्रिल लावा. एसएसडीमध्ये तबकडी नसते. आतल्या पट्टीवरची प्रत्येक काळी चिप तोडावी लागते, एक सुटली तरी तिच्यात तुकडे राहतात. मग नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या आणि पावती घ्या. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या डिस्कची पावती फाइलला लावा.